बाबासाहेब जिथं हरले ती पानं वाचा

२६ नोव्हेंबर आला की सगळ्यांनाच संविधानाचा पुळका येतो. ज्यांच्या बापजाद्यांनी आपल्याला विहिरीच्या काठाला उभं राहू दिलं नाही, त्यांचीच नातवंडं माईकसमोर उद्देशिका म्हणतात. शाळेत, तहसीलीत, पोलीस ठाण्यात. हार, फोटो, चहा, बिस्कीट. मग पुस्तक कपाटात आणि कपाटाला कुलूप. आणि आपली पोरं? डीजेच्या भिंतीपुढं नाचतात, बापानं घटना लिहिली म्हणून छाती ठोकतात. आतलं एक पान उघडलेलं नसतं.

दोस्तहो, मला दोघांशी भांडायचंय. त्यांच्याशी, कारण ते लबाड आहेत. आपल्यांशी, कारण ते आपले आहेत.

मी आरमोरीचा. मॅट्रिक पास. मुंबईच्या गोदीत ओझी उचलतो, रात्री कविता लिहितो. वकील नाही, प्राध्यापक तर नाहीच नाही. पण घटना समितीचे वृत्तांत छापलेले आहेत, हिंदीतही आहेत. वाचायला कुणाच्या बापाची परवानगी लागत नाही. ते वाचूनच बोलतोय.

पहिली गोष्ट. ९ डिसेंबर १९४६ ला घटना समिती बसली तेव्हा तिथं तुमच्या-माझ्या आज्यानं कुणाला निवडून धाडलं नव्हतं. प्रांतांच्या विधिमंडळांनी सभासद निवडले आणि त्या विधिमंडळांना मतं कुणाची? ज्याच्याकडं जमीन, कर किंवा शाळेचा दाखला, त्याची. बाबासाहेबांना मुंबईनं पाठवलंच नाही. जोगेंद्रनाथ मंडलांच्या जोरावर ते बंगालमधून आले. फाळणी झाली, ती जागा गेली. मग जयकरांच्या रिकाम्या जागेवर जुलै १९४७ मध्ये काँग्रेसनं त्यांना मुंबईतून आणलं. प्रेमानं नव्हे, गरज पडली म्हणून.

२९ ऑगस्ट १९४७ ला मसुदा समिती झाली. माणसं सात. ५ नोव्हेंबर १९४८ ला टी. टी. कृष्णम्माचारींनी भर सभागृहात सांगून टाकलं : एकानं राजीनामा दिला, एक वारला, एक अमेरिकेत, एक राज्याच्या कारभारात, कुणी दिल्लीपासून लांब. सगळा भार एकट्या आंबेडकरांवर पडला. हे आपण सगळे अभिमानानं सांगतो. सांगायलाच पाहिजे. पण गोदीतल्या माणसाला आणखी एक गोष्ट कळते. बोजा आपल्या पाठीवर असतो, माल शेठचा असतो. लिहिणारा हात बाबासाहेबांचा होता, बहुमत त्यांचं नव्हतं. ७,६३५ दुरुस्त्या आल्या, त्यांतल्या २,४७३ सभागृहात मांडल्या गेल्या. हात वर करणारे कोण होते? बहुतेक काँग्रेसवाले.

म्हणून म्हणतो, फक्त जिंकलेली पानं वाचू नका. हरलेली वाचा.

१९४७ साली बाबासाहेबांनी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे 'राज्ये आणि अल्पसंख्याक' हे निवेदन दिलं. त्यात काय मागितलं होतं? मोठे उद्योग सरकारच्या मालकीचे. विमा सरकारचा. शेती हा सरकारी उद्योग. जमीन ताब्यात घ्या, गावकऱ्यांना सामुदायिक कसायला द्या, जात बघू नका. जमीनदार नको, कूळ नको, भूमिहीन शेतमजूर नको. आणि हे सगळं घटनेतच लिहा, म्हणजे उद्या कुठलं बहुमत पुसणार नाही.

काय झालं त्याचं? त्यातलं जे थोडंफार उरलं ते चौथ्या भागात गेलं, मार्गदर्शक तत्त्वं म्हणून. आणि त्याच्या डोक्यावर कलम ३७ बसवलं : कोर्टात मागता येणार नाही. मालमत्तेच्या हक्काला मात्र कोर्टाचा दरवाजा उघडा. कलम ३१ मध्ये नुकसानभरपाई आली. १९५५ साली राज्यसभेत बाबासाहेबच म्हणाले, की हे कलम इतकं कुरूप आहे की त्याच्याकडं बघवत नाही. त्याची जबाबदारी त्यांनी घेतली नाही.

आमच्या झाडीपट्टीत त्याचा अर्थ काय झाला ऐका. चांदा तेव्हा मध्य प्रदेशात. १९५१ मध्ये मालगुजारी गेली. मालगुजाराला भरपाई मिळाली. घरची जमीन त्याच्याकडंच राहिली. जंगल सरकारच्या खात्यात गेलं. धानाच्या बांधीत कमरेत वाकून रोवणी करणाऱ्या बाईला काय मिळालं? मत मिळालं. मत लहान नाही. पण मतानं बांधी मिळत नाही.

नागपूरचे हेमचंद्र खांडेकर नोव्हेंबर १९४९ मध्ये सभागृहात म्हणाले, मनूच्या कायद्याच्या जागी आता हा महाराचा कायदा आला. छाती फुगते ऐकून. माझीही फुगते. पण महाराच्या कायद्यानं महाराचा सातबारा लिहिला का? शोधा तलाठ्याकडं.

आता दुसरं हरलेलं पान. १९ डिसेंबर १९४६ ला जयपाल सिंग मुंडा उभे राहिले. हॉकीचे ते ऑलिंपिक कप्तान. म्हणाले, मी जंगली आहे याचा मला अभिमान आहे. आदिवासींना लोकशाही शिकवू नका, त्यांच्याकडून शिका. पाचव्या अनुसूचीच्या पहिल्या मसुद्यात आदिवासी सल्लागार परिषदेच्या शब्दाला वजन होतं. ५ सप्टेंबर १९४९ ला बदललेला मसुदा आला तेव्हा परिषदेकडं सल्ला उरला, निकाल राज्यपालाकडं गेला. जयपाल सिंगांनी विरोध केला. आणि तो मसुदा मांडायला उभे होते आपले बाबासाहेब. हेही वाचा. लपवू नका. भक्त लपवतो, वारसदार हिशेब मागतो.

त्या अनुसूचीची रेघ आज आरमोरी तालुक्याच्या मधून जाते. काही गावं आत, काही बाहेर. २००६ च्या वनहक्क कायद्यानं दुसरी रेघ ओढली. गोंडानं १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा कब्जा दाखवायचा. शेजारच्या महारानं, ऐनाच्या झाडावर कोसा पिकवणाऱ्या ढिवरानं वर तीन पिढ्यांचा, ७५ वर्षांचा वास दाखवायचा. ज्याच्या आज्याचं नाव मालगुजाराच्या कागदावर कधी चढलंच नाही त्यानं कागद आणायचा कुठून? एकाच जंगलातला मोह वेचणारे आम्ही, आणि एकमेकांकडं संशयानं बघायला लागलो. ज्यांना हे पाहिजे होतं ते खूष आहेत.

मग जिंकलेलं काहीच नाही का? आहे. २९ नोव्हेंबर १९४८ ला अस्पृश्यता रद्द झाली, आज ते कलम १७ आहे. मंजूर होताच सभागृहात गांधीजींचा जयजयकार झाला. असो. आणि कलम २३. त्याच्या इंग्रजीत आपला एक शब्द तसाच आहे : बिगार. साहेबाच्या भाषेत तो मावला नाही. १९८२ साली आशियाई खेळांच्या मजुरांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं, किमान वेतनापेक्षा कमी पैशात राबवून घेणं म्हणजेच बिगार. हे मी आमच्या ठेकेदाराच्या मुकादमाला सांगितलं. तो म्हणाला, कलम घेऊन गेटच्या बाहेर उभा राहा, आत दहा जण तयार आहेत. खरं बोलला. कलम एकट्याच्या हातात कागद असतं. त्या दहा जणांना ते पाठ असतं तर मुकादमाची जीभ अशी चालली नसती.

२५ नोव्हेंबर १९४९ ला बाबासाहेबांनी राव आणि मुखर्जी यांना लिखाणाचं श्रेय मोकळ्या मनानं वाटलं आणि मग इशारा दिला : २६ जानेवारीपासून राजकारणात समता, जगण्यात विषमता. ही विसंगती लवकर मिटवा, नाहीतर भोगणारे लोक ही इमारत उडवून देतील. तो इशारा त्यांच्यासाठी होता. आपल्यासाठी ते काम होतं. आपण काम सोडून त्याची आरती केली.

तेव्हा या २६ नोव्हेंबरला हार आणू नका. वस्तीत बसा. चौथा भाग मोठ्यानं वाचा, त्याच्या शेजारी १९४७ चं निवेदन वाचा. गोंडाला बोलवा, ढिवराला बोलवा. वनहक्काच्या नियमांत म्हाताऱ्यांचा जबाबही पुरावा धरलाय, तो लिहून घ्या, ग्रामसभेत दावे टाका. धानोऱ्याकडच्या मेंढा-लेखानं २००९ मध्ये सामूहिक वनहक्क घेतला, मग स्वतःचा बांबू स्वतः विकला. तिथं कुणी घटनेची पूजा करत बसलं नव्हतं.

बाबासाहेब एकटे होते म्हणून ती पानं हरले. आपण एकटे नाही.