चिंचोक्यांचं गणित
या आठवड्यात धडगावात एका अंगणात पोरांचा पट रंगलेला पाहिला. दानाला उभे फोडलेले चार अर्धे चिंचोके, एक बाजू पांढरी, दुसरी तपकिरी. चारही पांढरे पडले तर चार, चारही तपकिरी पडले तर आठ, आणि दोन्ही वेळा पुन्हा डाव. का बरं? चार चिंचोके सोळा तऱ्हांनी पडतात. त्यांत दोन पांढरे येण्याच्या तऱ्हा सहा, आठाची मात्र एकच. दुर्मीळ दानाला बक्षीस, हा हिशेब खेळातच मुरलेला आहे. पास्कल आणि फर्मा यांनी 1654 साली जुगाराच्याच कोड्यावर पत्रं लिहून संभाव्यतेच्या शास्त्राचा पाया घातला, आणि आपण ते पोरांसमोर आणतो थेट दहावीच्या बीजगणितात! माझं म्हणणं स्पष्ट आहे, दुसरीपासून शिकवा. घरी पावरी बोली बोलणारं इथलं पोर पुस्तकी मराठीत अडखळतं, दान टाकताना नाही. आधी अंदाज सांगायचा, मग टाकायचं, प्रत्येक दानाची कोळशाने रेघ ओढायची. चिंचोके एकसारखे नसतात, रेघा कमीजास्त भरतील. भरू द्या, त्यावरही भांडू द्या. ‘माझं नशीबच फुटकं’ म्हणून रुसलेल्या पोराला दोनाच्या दानाची लांबलचक रांग दाखवली की रुसवा निघतो. आणि एवढं उमगलेलं पोर उद्या मटक्याच्या आकड्याला सहजी भुलत नाही.