सहलीची रंगीत तालीम

बालमित्रांनो,

गेल्या हिवाळ्यात मी चौथीच्या फळ्यावर लिहिलं, ‘सहल रायगडला. एक मुक्काम, पाचाड.’ इतिहासाच्या पुस्तकातला रायगड प्रत्यक्ष बघायचा! वर्गात एकच कल्ला झाला. एकजण मात्र मान खाली घालून बसला होता. दुसऱ्या दिवसापासून त्याचं पोट दुखायला लागलं. पालकांच्या सहीची चिठ्ठी काही येईना.

मधल्या सुट्टीत त्याला बाजूला घेतलं. आधी म्हणाला, “मला गड आवडत नाहीत.” मग म्हणाला, “तिथं अंधार असतो.” शेवटी अगदी हळू म्हणाला, “बाई, कधीकधी रात्री माझं अंथरूण ओलं होतं. सगळे हसतील.”

(त्याला विचारूनच हे लिहिते आहे. नाव मात्र सांगणार नाही!)

मुलांनो, हा त्रास पुष्कळ मुलांना असतो. मोठं होता होता बहुतेकांचा जातोही. यात कुणाची चूक नसते. मी म्हटलं, “हे तुझ्यामाझ्यात. आपण तयारी करू.”

मग झाली रंगीत तालीम! एका शनिवारी तो आईशिवाय मावशीकडे झोपायला गेला. सहलीची पिशवी त्याने स्वतः भरली : रोजची चादर, टॉर्च, जादा कपडे आणि ओल्या कपड्यांसाठी प्लॅस्टिकची पिशवी. पाणी दिवसा भरपूर प्यायचं, झोपण्याआधी थोडंच. रात्री मी त्याला उठवायचं.

तुम्हालाही धाकधूक वाटते ना? मग भीती नेमकी कशाची, ते एका मोठ्या माणसाला सांगा. ‘भीती वाटते’ एवढ्यावर थांबू नका. नेमकं कळलं की उपाय सापडतो.

पालकांनो, तुम्हालाही दोन शब्द. “करमलं नाही तर लगेच न्यायला येईन,” असं वचन देऊ नका. मूल मग वाटेकडेच डोळे लावून बसतं. त्याऐवजी “रविवारी संध्याकाळी मी शाळेच्या दारात उभी असेन,” असं सांगा. आणि औषधं, सवयी, त्रास आधीच शिक्षकांच्या कानावर घाला. लपवलेल्या गोष्टीचंच मुलाला ओझं होतं.

आता पाचाडला काय झालं ते सांगते. मी रात्री उठवूनही पहाटे अंथरूण ओलं झालंच! पण सगळे उठायच्या आत आम्ही कपडे बदलले, चादर पिशवीत टाकली. कुणाला पत्ताही लागला नाही. ज्याची एवढी भीती होती ते घडलं, आणि पाच मिनिटांत संपलंही!

मग पठ्ठ्या सुमारे दीड हजार पायऱ्या चढला. हिरकणी बुरुजापाशी मी गोष्ट सांगितली. गडाचे दरवाजे बंद झाले म्हणून तान्ह्या बाळासाठी रात्री कडा उतरून गेलेल्या गवळणीची. तो पटकन म्हणाला,

“बाई, माझी आईपण काल झोपली नसेल!”

खरंच होतं. रविवारी शाळेच्या दारात सगळ्यांत पुढे तीच उभी होती.

तुमच्या,
बाई