डेटाबेस शिकवायचाय? मग उधारीच्या वहीपासून सुरुवात करा



गेल्या महिन्यात चॅनलवर लिब्रेऑफिस बेसचा पहिला व्हिडिओ टाकला. चांगला चाळीस मिनिटांचा. मला वाटलं, झकास झालाय. दोन दिवसांनी गावातल्या एक ताई दुकानात आल्या. त्यांचा दोन खोल्यांचा होमस्टे आहे, पाहुण्यांची नोंद वहीत. म्हणाल्या, "दादा, तुमचा व्हिडिओ लावून बसले, पण सुरुवातीलाच ते जावा मागायला लागलं. म्हटलं माझंच काहीतरी चुकलं, बंद केलं."

त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. बेसमध्ये आतल्या आत एचएसक्यूएलडीबी नावाचं इंजिन चालतं आणि त्याला कॉम्प्युटरवर जावा लागतं. माझ्या मशीनवर ते आधीपासूनच होतं, म्हणून रेकॉर्डिंग करताना मला ती अडचण दिसलीच नाही. चूक माझी, आणि कमीपणा वाटला त्यांना. हे मला लागलं.

म्हणून आज स्पष्ट बोलतो. सॉफ्टवेअर फुकट आहे म्हणून ते सगळ्यांचं होत नाही. लिब्रेऑफिस, मारियाडीबी, पोस्टग्रेएसक्यूएल, एसक्यूलाइट, कशालाच लायसन्सचे पैसे लागत नाहीत. एसक्यूलाइट तर आपल्या अँड्रॉइड मोबाइलमध्येच बसलेलं आहे. खर्च होतो तो शिकणाऱ्याचा वेळ आणि धीर. धीर एकदा सुटला की माणूस परत येत नाही.

आता उदाहरणं कसली देतात बघा. मायएसक्यूएल शिकायला जो नेहमीचा नमुना डेटाबेस मिळतो, त्याचं नाव साकिला. त्यात काय आहे? डीव्हीडी भाड्याने देणारं दुकान! आज किहीममध्ये डीव्हीडी कोण भाड्याने नेतं? म्हणजे आधी ते दुकान समजून घ्या, मग टेबल समजून घ्या. एका डोंगराचे दोन डोंगर केले.

चांगलं काम झालेलंच नाही असं नाही. आयआयटी मुंबईतल्या प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकारातून उभा राहिलेला स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प बघा. साधारण दहा मिनिटांचा धडा. थोडं ऐकायचं, थांबवायचं, स्वतः करायचं, पुढे जायचं. बेसच्या धड्यांमध्ये त्यांनी ग्रंथालय घेतलंय: पुस्तकं, सभासद, कोणी काय नेलं. समजावणं मराठीतही आहे, पडद्यावरची बटणं मात्र जशी आहेत तशीच. हे मला पटतं. 'प्रायमरी की'ला 'प्राथमिक कळ' म्हणून उपयोग काय? स्क्रीनवर शोधायला गेलात तर सापडणार नाही. शब्द तोच ठेवा, अर्थ मराठीत सांगा.

माझं म्हणणं, आपण याच्याही एक पाऊल पुढे जावं. ज्याची जी वही, त्याला तेच उदाहरण. आमच्या उधारीच्या वहीत तीन म्हात्रे होते, त्यातल्या दोघांची पहिली नावंही सारखीच. बाबा एकापुढे लिहायचे 'विहिरीजवळचे', दुसऱ्यापुढे 'रिक्षावाले'. माणूस पक्का ओळखू यावा म्हणून केलेली ती खूण. प्रायमरी की हेच काम करते, फक्त आकड्याने. एवढं सांगितलं की व्याख्या पाठ करायची गरज नाही.

रिलेशनशिप शिकवायलाही लांब जायला नको. १९३० साली आपल्या किहीमलाच सालीम अली सुगरण पक्ष्यांवर नजर ठेवून बसले होते. त्यांना दिसलं की नर घरटं अर्धवट विणतो, मादीने ते पसंत करून ताबा घेतला की पुरं करतो आणि पुढच्या घरट्याला लागतो. म्हणजे नर एक, घरटी अनेक. नरांचं एक टेबल, घरट्यांचं दुसरं, आणि प्रत्येक घरट्यापुढे नराचा नंबर. गिऱ्हाईक एक, उधाऱ्या अनेक. हिशोब तोच.

काहीजण म्हणतील, "एक्सेल आहे की!" बरोबर आहे. महिन्याला दहा पाहुणे असतील तर वहीसुद्धा पुरते. पण एकाच माणसाचा मोबाइल नंबर पाच ठिकाणी लिहिलाय आणि तो बदलला, की गोंधळ सुरू होतो. डेटाबेस तिथे लागतो. शिकवणाऱ्याने हेही प्रामाणिकपणे सांगावं.

आणि बॅकअप शेवटच्या धड्यात ढकलू नका. ३ जून २०२०ला निसर्ग वादळात दुकानाचे पत्रे उडाले, वही भिजून लगदा झाली. बरीच माणसं आपणहून येऊन पैसे देऊन गेली, हे त्यांचं मोठेपण. बाकीची उधारी पाण्यात गेली. बेसचा अख्खा डेटाबेस एका फाइलमध्ये राहतो. सेव्ह करा, बेस बंद करा, फाइल पेनड्राइव्हवर कॉपी करा, दोन मिनिटांचं काम. शिवाय महिन्यातून एकदा यादीची प्रिंट काढा, कारण वादळानंतर आपल्याकडे लाइट किती दिवस नव्हती ते आठवतंय ना?

तर तो चाळीस मिनिटांचा व्हिडिओ मी काढून टाकलाय. आता सात छोटे व्हिडिओ करतोय. पहिला फक्त जावा टाकण्याचा, दुसरा बॅकअपचा. रेकॉर्डिंगला माउस त्या होमस्टेवाल्या ताईंच्या हातात असेल, मी मागे गप्प बसणार. त्या जिथे अडतील ते कापायचं नाही, तसंच ठेवायचं.

तुमच्या वहीचं एखादं पान मला पाठवा. फक्त नावं आणि नंबर झाकून बरं का! पुढचं उदाहरण त्यातूनच घेऊ.