थेंबाचा मार

अंगणात सुखावणारी सर ताम्हिणी घाटात दुचाकीस्वाराला सुयांसारखी का टोचते? पाणी तेच, थेंबही तेवढाच. बदलतो तो वेग. 3 मिलिमीटर व्यासाचा थेंब उभ्या माणसावर सेकंदाला सुमारे 8 मीटर वेगाने पडतो. गाडी ताशी 60 किलोमीटरने धावत असेल, तर काटकोनातले दोन्ही वेग मिळून तोच थेंब सेकंदाला सुमारे 18 मीटरने चेहऱ्यावर आदळतो. वेग दुपटीहून थोडाच अधिक, पण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून ती पाचपट! शिवाय ही टक्कर एका मिलिसेकंदाच्या आतच संपते. एवढ्यात गालाचे मांस मागे सरून धक्का झेलूच शकत नाही. सगळा भार वरच्या पातळ त्वचेवर येतो, आणि वेदना टिपणाऱ्या चेतातंतूंची टोके तिथेच दाटीने असतात. त्यांतले ए-डेल्टा तंतू सेकंदाला 5 ते 30 मीटर वेगाने झणझणीत खबर पोहोचवतात. मंद सी तंतूंची जळजळ मागाहून येते. ठोशाचे उलट: जड मूठ, लांबलेला स्पर्श, म्हणून दुखणे खोल, ठणकणारे. पावसात हेल्मेटची काच मात्र खाली हवीच, कारण बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात वेदना टिपणारे तंतू त्वचेपेक्षाही कितीतरी दाट असतात.