ब्लूटूथवरचा तितर

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात मी मुदखेडच्या माळावर एका तितराला सतरा मिनिटं फसवलं. आकडा नक्की आहे, कारण मूळ व्हिडिओ तेवढ्याच लांबीचा होता.

सकाळचे सहा वाजले असतील. आदिलाबादकडे जाणाऱ्या रुळांच्या पलीकडे बाभळी-बोरींचं थोडं रान उरलंय, तिथं. मुठीत मावेल एवढा ब्लूटूथ स्पीकर एका बोरीच्या बुडाशी ठेवला, वीस पावलं मागं येऊन बांधाआड पालथा पडलो आणि मोबाइलवरून नर तितराची हाक लावली. दुसऱ्याच मिनिटाला समोरच्या गवतातून उत्तर आलं. पाचव्या मिनिटाला तो स्वतः आला. मान ताठ, पिसं फुगलेली. स्पीकरभोवती गोल फिरला, थांबला, ओरडला, परत फिरला. एकदा तर स्पीकरवर चढूनच उभा राहिला. मला हसू आवरेना. त्यातली चाळीस सेकंदं कापून रील केली, मागं ढोलकीचा ठेका लावला, वर लिहिलं, ‘भाऊ भांडायला आला’, आणि ठिकाण टॅग केलं. माझी एवढी चाललेली रील त्याआधी एकही नव्हती.

मला आता त्या रीलविरुद्ध बोलायचंय. आणि तुमच्या मोबाइलमध्ये तशी एखादी असेल तर तिच्याविरुद्धही.

आधी तितराच्या बाजूनं बघू. पुस्तकात त्याला राखी किंवा करडा तितर म्हणतात, आमच्याकडं नुसता तितर नाही तर तितूर. घरटं जमिनीवर, झुडपाखाली, साधारण सहा ते आठ अंडी. विणीचा मुख्य काळ एप्रिल ते सप्टेंबर. नराच्या ताब्यात माळाचा एक तुकडा असतो आणि तो तुकडा तो राखतो आवाजानं. त्याची हाक म्हणजे त्याचा सातबारा. त्याच्या हद्दीत दुसऱ्या कुणी तीच हाक दिली तर त्याला घरी बसून चालत नाही. जावं लागतं, भांडावं लागतं आणि समोरच्याला हुसकावून लावावं लागतं. एरवी ते भांडण दोन-चार मिनिटांत मिटतं, कारण दोघांपैकी एक जण हरतो आणि निघून जातो.

स्पीकर हरत नाही. निघूनही जात नाही. तो तितर मला मजेशीर वाटला तो याच कारणानं. जिंकता न येणारं भांडण तो सतरा मिनिटं भांडत होता, मे महिन्यात. त्याची मादी तेव्हा कुठं बसली होती, अंडी होती की पिल्लं होती, हे मी पाहिलंच नाही. कॅमेरा स्पीकरवर होता.

हे मी शोधून काढलेलं नाही. तितर तितराच्या आवाजावर येतो हे ज्ञान फार जुनं आहे, आणि ते आपल्या भागात ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलं त्यांच्या नावातच फासा आहे. फासेपारधी. रील केल्यानंतर काही आठवड्यांनी आमच्या नात्यातल्या एका लग्नाच्या गावी मला अशा वस्तीवरचे एक म्हातारे भेटले. सगळे त्यांना मामाच म्हणत होते, मीही म्हणालो. फुशारकीनं त्यांना रील दाखवली. त्यांनी ती दोनदा पाहिली. मग सांगायला लागले.

पिल्लू लहान असतानाच धरायचं. वाळवी खाऊ घालायची, हातानं. महिन्या-दोन महिन्यांत ते माणसामागं कुत्र्यासारखं चालायला लागतं. रात्री पिंजऱ्यावर कापड. त्याला गाढवाच्या, गाडीच्या, पोरांच्या गोंगाटाची सवय लागायला वर्ष जातं, तोवर ते रानात नेलं तरी भेदरून गप्प बसतं. वर्षभरानं पहाटे पिंजरा माळावर ठेवायचा, भोवती फासे मांडायचे. आधी ते घोड्याच्या शेपटीच्या केसाचे असत, मग नायलॉनचे आले. पिंजऱ्यातला हाक देतो, रानातला भांडायला येतो, पाय अडकतो.

‘‘पण पिंजऱ्यातला थकतो, बाबू,’’ मामा म्हणाले. ‘‘धा-ईस हाका देतो अन्‌ गप ऱ्हातो. ऊन चढलं की तोंडच उघडत न्हाई. मनात नसलं तर दिवसभर बोलत न्हाई. मंग आमीबी घरी. तुजा डबा थकतो का?’’

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं तेव्हा नव्हतं. आता आहे. माझा डबा एका चार्जिंगवर आठ तास चालतो.

इथं गैरसमज नको. मी पारध्याच्या फाशाचं कौतुक लिहायला बसलेलो नाही. फाशात पाय अडकलेला तितर तडफडतो, त्यात रम्य काही नाही. धाब्याच्या मागच्या दारानं तितर-लाव्यांचा जो धंदा चालतो तो पोटाच्या नावाखाली खपवायचीही माझी तयारी नाही. आणि भुलवून धरणं ही फक्त गरिबांची युक्तीही नव्हती. शिंगांना जाळं बांधलेलं पाळीव हरीण रानातल्या हरणाशी झुंजायला सोडायचं आणि तो गुंतला की पकडायचा, हा खेळ बादशहाच्या दरबारी चालत असे. ‘आईन-ए-अकबरी’त त्याचं वर्णन आहे. माझं म्हणणं एवढंच की जिवंत पक्ष्यानं भुलवण्यात एक अडथळा होता. वर्षाची मेहनत, पक्ष्याची मर्जी, उन्हाची वेळ. त्या अडथळ्यामुळं दिवसाकाठी किती तितर भुलतील याला मर्यादा पडत होती. मोबाइलनं ती मर्यादा फुकटात काढून टाकली. ज्याला तितर आणि लावा यांतला फरक कळत नाही, तोही आज दोन मिनिटांत आवाज डाउनलोड करून तितर समोर उभा करू शकतो. मी स्वतः त्याचा पुरावा आहे.

ही नवी भीती नाही. अमेरिकेत कायोटी नावाचा प्राणी आहे, आपल्या कोल्ह्याचा भाऊबंद. त्याच्या शिकारीसाठी तिकडं रिमोटवर चालणारी यंत्रं मिळतात. जखमी सशाच्या किंकाळ्या वाजवायच्या, शेजारी मोटरवर फडफडणारं खोटं शेपूट लावायचं, कायोटी आला की गोळी. बंदुकीची एवढी हौस असलेल्या त्या देशानंही रानबदकांच्या बाबतीत मात्र हात आखडता घेतला. जिवंत बदक बांधून रानबदकं भुलवण्यावर त्यांनी १९३५ साली बंदी आणली, पुढं रेकॉर्ड केलेल्या आवाजांवरही आणली. युरोपच्या पक्षी संरक्षणाच्या १९७९च्या कायद्यात निषिद्ध साधनांच्या यादीत फासे आहेत, जाळी आहेत, आंधळे केलेले भुलवे पक्षी आहेत आणि त्याच ओळीत टेपरेकॉर्डर आहे. टेपरेकॉर्डर! आपल्या घरी तेव्हा तो पाव्हण्यांना कौतुकानं दाखवायची वस्तू होता.

आपल्याकडं १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. त्यात ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या फक्त मारण्यापुरती नाही. पकडणं, फासे लावणं, हाकारणं, आमिष दाखवणं आणि यातलं काहीही करण्याचा प्रयत्न, हे सगळं शिकारच. मी वकील नाही, पण मला एक साधा प्रश्न पडतो. नरासाठी दुसऱ्या नराची हाक हे आमिष नाही तर काय आहे?

यावर पक्षीनिरीक्षक मित्र लगेच उसळतात. आम्ही मारत नाही रे, फोटो काढतो. दोन मिनिटं आवाज लावला तर काय होतं? होतं असं की तुझी दोन मिनिटं, मग तुझ्यामागून येणाऱ्या ग्रुपची दोन, मग रविवारी नांदेडहून आलेल्या तीन गाड्यांची. पक्षी बदलत नाही, फक्त तुम्ही बदलता. दुसरं उत्तर संशोधनाचं असतं. ते मला मान्य आहे. रानपिंगळा शतकाहून अधिक काळ नाहीसा झालेला मानला जात होता, तो १९९७मध्ये आताच्या नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ पुन्हा दिसला, आणि त्यानंतर तो आणखी कुठं आहे हे शोधताना अभ्यासकांनी रेकॉर्ड केलेल्या हाका वापरल्या. पण त्यांनी आवाज किती वेळ लावायचा, उत्तर आलं की केव्हा थांबायचं, हे आधी ठरवलेलं होतं. आपण ठरवतो ते फक्त ढोलकी लावायची की हलगी.

खरं टोचतं ते वेगळंच. मामा बोलता बोलता म्हणाले, ‘‘आमच्यापाशी पिंजरा दिसला की केस. तुमच्यापाशी दिसला की छंद.’’ यात अतिशयोक्ती नाही. १८७१च्या कायद्यानं इंग्रजांनी अख्ख्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली. ३१ ऑगस्ट १९५२ला तो शिक्का कागदावरून पुसला. गावात चोरी झाली की आजही गाडी आधी कुठल्या वस्तीकडं वळते हे मराठवाड्यात कुणाला शिकवावं लागत नाही. ज्या माणसाकडं तितराचं बारीकसारीक ज्ञान आहे त्यानं ते उघड बोलायचीही सोय नाही, आणि ज्याच्याकडं फक्त डेटा पॅक आहे तो ‘निसर्गप्रेमी’. माझ्या बायोमध्ये तोच शब्द होता, शेजारी हिरवं पान.

जुलैमध्ये पाऊस पडल्यावर मी परत त्या बोरीजवळ गेलो. मित्र बरोबर होता. आवाज लावायला नव्हतो गेलो, निदान तसं मी स्वतःला सांगत होतो. स्पीकर बॅगेत होता. बोरीच्या बुडाशी काटक्यांच्या खुंट्यांना बांधलेले नायलॉनचे फासे होते, अकरा. त्यातले दोन ताणलेले. खाली करडी, बारीक रेघांची पिसं, चिखलात चिकटलेली. चिखलातच मोटारसायकलच्या चाकाची नक्षी.

मित्र म्हणाला, ‘‘पारधीच आसतील बे.’’ एवढ्या पटकन म्हणाला की त्यानं पुरावा शोधलाच नाही. कुणी लावले ते मला आजही ठाऊक नाही. या बोरीखाली तितर हमखास येतो, हे ठिकाणासकट जगाला कुणी सांगितलं ते मात्र ठाऊक आहे.

आम्ही फासे उपटून काढले. वनविभागाला फोन करू, असं मित्र म्हणाला. फोन केल्यावर ते आधी कुणाकडं जातील याचा विचार करत मी थोडा वेळ उभा राहिलो आणि फोन केला नाही. ते बरोबर होतं की भेकडपणा होता, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. दोन्ही असेल.

म्हणून माझं मागणं कायद्याकडं नंतर, आधी तुमच्याकडं आहे. विणीच्या दिवसांत आवाज लावू नका. एरवीही लावू नका, तुम्ही कुठल्या अभ्यासात नसाल तर. पक्षी बोलतोय तोवर ऐका. मुदखेडच्या माळावर पहाटे फुलं तोडायला निघालेल्या बायकांनाही तो रोज ऐकू येतो, त्यासाठी त्यांना काही वाजवावं लागत नाही. ठिकाण टाकू नका, जिल्ह्याचं नाव पुष्कळ झालं. आणि स्पीकरवर नाचणारा पक्षी दिसला तर खाली हसरे चेहरे टाकण्याआधी ‘आवाज किती वेळ लावला होता?’ एवढं विचारा. मला कुणीतरी विचारायला हवं होतं. दोनशेच्या वर कॉमेंट होत्या, एकानंही विचारलं नाही.

रील मी त्याच रात्री काढून टाकली. गेल्या महिन्यात ती मुदखेडच्याच एका ग्रुपवर फॉरवर्ड होऊन मला आली. ढोलकी काढून कुणीतरी दुसरं गाणं लावलं होतं. कोपऱ्यात ठिकाणाचं नाव तसंच होतं.