बॅलेला जाताना काय नेसावे?



सीबीडी बेलापूरच्या आमच्या वसाहतीत परवा एक पेच पडला. शेजारच्या मुलीला नरिमन पॉइंटच्या एनसीपीएमध्ये होणाऱ्या बॅलेचे दोन पास मिळाले. बॅले म्हणजे एकही शब्द न बोलता केवळ नाचातून आणि संगीतातून सांगितलेली गोष्ट. मुलीने आईला बरोबर चल म्हटले. आई एका कचेरीत साफसफाईचे काम करते. ती म्हणाली, "मी नाही यायची. तिथं साहेबलोक येतात. दारावर कुणी अडवलं तर?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पूर्वी एका लग्नाच्या हॉलवर पाहुणी म्हणून गेली असताना तिला मागच्या दाराने जायला सांगितले होते. तिची साडी पाहूनच.

आम्ही तिला महाडची आठवण दिली. डिसेंबर १९२७ मध्ये बाबासाहेबांनी तिथे जमलेल्या आयाबहिणींना सांगितले होते की, जातीची ओळख पटवणारे दागिने टाका, लुगडे नेसण्याची पद्धत बदला, स्वच्छ राहा. आमच्या आज्या-पणज्यांनी ते मनावर घेतले. कपडा म्हणजे नुसती हौस नव्हे, तो मान आहे, हे आपल्याला कुणी नव्याने शिकवायला नको.

मुलीने आणखी एक सांगितले. मुंबईतल्या टॅक्सीचालकाचा मुलगा मनीष चौहान आणि वेल्डरचा मुलगा अमीरुद्दीन शाह येहुदा माओर या गुरूंकडे बॅले शिकले. अमीरुद्दीन २०१७ मध्ये लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये गेला. त्यांच्यावरून २०२० मध्ये 'ये बॅले' चित्रपट निघाला. कष्टकऱ्यांची पोरे रंगमंचावर नाचू शकतात, तर त्यांच्या आया समोर खुर्चीवर का बसू नयेत?

आई तयार झाली. मग शेजारणीची जरीची साडी मागून आणायची असे ठरू लागले. आम्ही म्हटले, त्यापेक्षा निळ्या काठाची पांढरी साडी नेसा. तिने दोन्ही नाकारले. "पांढरी सभेची. ही माझ्या हौसेची," म्हणत बोनसमधून घेतलेली जांभळी इरकल काढली. आम्ही गप्प बसलो. तिचेच बरोबर होते.

जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी. लंडनच्या रॉयल ऑपेरा हाऊसमध्येही पोशाखाची सक्ती नाही, तेव्हा घाबरू नका. नाट्यगृहात एसीचा गारठा असतो, शाल घ्या. बेलापूरहून सीएसएमटी तासाभराहून अधिक, पुढे बस. म्हणून सवयीची चप्पल घाला. वाजणाऱ्या बांगड्या आणि मोठा गजरा नको. बांगड्यांचा आवाज होतो आणि गजऱ्याने मागच्याला दिसत नाही. मोबाईल बंद ठेवा.

रात्री उशिराच्या लोकलने दोघी परतल्या. सकाळी आम्ही विचारले, "दारावर काय झालं?"

"काही नाही," आई म्हणाली. "त्यानं पास बघितला, साडी बघितली नाही."

आणि थोडे थांबून म्हणाली, "पण शेजारी बसलेल्या बाईनं बघितली. इरकल कुठं घेतली म्हणून विचारत होती!"