सोनं वरून फासलेलं नाही

तंजावरच्या चित्रांवर आक्षेप घेणारी मंडळी अडाणी नाहीत, म्हणूनच त्यांना उत्तर द्यायला हवं. अजिंठ्याच्या रेषेवर तासभर बोलू शकणारे लोक तंजावरी बाळकृष्णापुढे आले की मान फिरवतात. त्यांचं म्हणणं असं : रेखाटन बेताचं, खोलीचा पत्ता नाही, सगळे देव गुबगुबीत आणि एकाच तोंडवळ्याचे, आणि या साऱ्या उणिवा झाकायला वर सोन्याचा वर्ख नि खडे. म्हणजे हे चित्र नव्हेच, हा दागिना. भाविकाच्या भाबडेपणावर आणि श्रीमंताच्या हौसेवर पोसलेली कारागिरी.

मला यातलं जवळजवळ काहीच मान्य नाही. हे चित्र घडतं कसं, एवढं नीट पाहिलं तरी पहिला आक्षेप गळून पडतो. फणसाच्या लाकडाची फळी घ्यायची. तिच्यावर चिंचोक्याच्या खळीनं किंवा डिंकानं कापड चिकटवायचं, वर खडूची पूड आणि डिंक यांचे थर द्यायचे, घोटून पृष्ठभाग गुळगुळीत करायचा, मग आरेखन. यानंतर रंग येत नाहीत. आधी खडे बसतात. मग दागिने, प्रभावळ, कमान, खांब, वस्त्रांचे काठ या सगळ्यांवर खडूच्या लगद्याचा उठाव चढतो, ज्याला तिथले कारागीर ‘मक्कू’ म्हणतात. त्या उठावावर सोन्याचा वर्ख दाबून बसवतात. कुंचला रंगात बुडतो तो यानंतर. म्हणजे सोनं कुठे येणार आणि किती उंचीवर येणार, हे रंगाचा पहिला हात पडण्याआधीच ठरलेलं असतं. जी गोष्ट पाया घालताना ठरते, तिला वरची सजावट म्हणणं हे न पाहता बोलणं आहे.

पण उठाव कशासाठी? सपाट जागी लावलेलं सोनं आरशासारखं वागतं : एका कोनातून डोळे दिपवतं, दुसऱ्या कोनातून काळवंडतं. उठावावरचं सोनं तसं करत नाही. प्रत्येक बारीक फुगवट्याला आपली एक उजळ बाजू असते आणि एक सावली. समोर, जरा खालच्या अंगाला, समई ठेवा. ज्योत हलली की उजळ बिंदू जागा बदलतात, सावल्या सरकतात. कमान आणि दागिने जिवंत होतात. या सगळ्यात चेहरा, हात, पाय मात्र सपाट असतात, तिथे सोन्याचा कण नसतो. भोवती सतत हलणारा उजेड आणि मधोमध न हलणारा, शांत, डोळ्याला डोळा देणारा चेहरा. ही रचना अपघातानं साधत नाही. पाश्चात्त्य तैलचित्रात खोली छायाप्रकाशानं चित्राच्या आत रंगवतात. इथे छायाप्रकाश रंगवलेला नाही, तो समोरच्या दिव्याकडून घेतला आहे. खोली नाही असं म्हणणाऱ्यानं ती ट्यूबलाइटखाली शोधलेली असते.

हे चित्र ज्या जागेसाठी होतं ती जागाही ध्यानात घ्यावी. देवघर, भजनाची खोली, चेट्टिनाडातल्या मोठ्या वाड्यांमधली अंधारी पूजेची दालनं. तिथे दिवसाही दिवा लागतो. माणूस जमिनीवर बसून वर पाहतो. त्याला देवाची गोष्ट वाचायची नसते, ती त्याला पाठ आहे. त्याला दर्शन हवं असतं. म्हणून देव मधोमध, मोठा, समोर तोंड करून, आणि भोवतीचे सेवक लहान. रामपट्टाभिषेकाच्या चित्रांत माणसांची दाटी असते, तरी नजर आधी राम-सीतेवरच जाते, ती याच बेतामुळे.

इथे मला एका दुजाभावाबद्दल बोलल्यावाचून राहवत नाही. इटलीतल्या सिएना गावी दूच्चोनं 1308 ते 1311 या काळात रंगवलेल्या वेदीचित्राची पार्श्वभूमी सोन्याची आहे. तीही दिव्या-मेणबत्त्यांच्या उजेडात, प्रार्थनेच्या जागी पाहण्यासाठी होती. तिथल्या सोन्याला आपले समीक्षक दिव्यत्वाचं द्रव्य म्हणतात, आणि तंजावरच्या सोन्याला भपका. सोनं तेच, काम तेच. मग हा फरक कशातून येतो याचं उत्तर आक्षेपकांनी द्यावं.

एकच तोंडवळा, हा दुसरा आक्षेप. तो वस्तुस्थिती म्हणून बराचसा खरा आहे, दोष म्हणून नाही. लोणी खाणाऱ्या कृष्णाचे गाल भरलेलेच हवेत, कारण पाहणारीला तो आपल्या घरातलं मूल म्हणून पाहायचा असतो. ओळख बदलत राहिली तर नातं जुळत नाही. पंढरीच्या विठोबाचे कर दर पिढीत वेगळ्या ठिकाणी असावेत, असं आपण म्हणत नाही. ठरलेल्या चौकटीत काम करणाऱ्या कलावंताचं कसब बारकाव्यांत असतं : भुवईचा बाक, बोटांची ठेवण, पडद्याचा घोळ, हिरव्याशेजारी लाल किती ठेवावा. म्हैसूरच्या चित्रकारांनी उठाव अगदी बेताचा ठेवला, वर्ख पातळ वापरला, आणि त्यांचं चित्र तंजावरपेक्षा कितीतरी हळू आवाजात बोलतं. एकाच कुळातल्या दोन घराण्यांत एवढा फरक पडतो, तो कुणीतरी विचारपूर्वक निवड केल्याशिवाय पडत नाही.

खरं तर आपल्या नजरेची अडचण निराळी आहे. मराठी घरांतले देव राजा रविवर्म्याच्या छापखान्यानं घडवले. 1894 मध्ये मुंबईत सुरू झालेला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेला तो छापखाना घरोघरी लक्ष्मी-सरस्वती पोचवत राहिला, आणि देव म्हणजे निसर्गात उभं असलेलं, हाडामांसाचं, सावली पडणारं माणूस, ही सवय आपल्याला लागली. मात्र त्याच छापील चित्रांवर बायकांनी जर, टिकल्या, कापड चिकटवून ती सजवली. तशी चित्रं आजही जुन्या संग्रहांत दिसतात. कागदावरच्या सपाट देवाला उजेड कमी पडतो, हे त्यांच्या हातांना कळलं होतं. तंजावरच्या चित्रकारानं जे फळीवर केलं, तेच त्या आपल्या घरी करत होत्या.

आता थोडं आपल्याच बाजूच्यांविषयी. या चित्रांची स्तुती करणारे त्यांना दोन खोटे कुळवृत्तान्त चिकटवतात. विक्रेता सांगतो, ही हजार वर्षांपूर्वीची चोळांची कला. चोळांची चित्रं आहेत, पण ती बृहदीश्वराच्या गाभाऱ्याभोवतीच्या अरुंद मार्गात, भिंतीवर. नायककाळातल्या थराखाली दडलेली ती 1931 मध्ये उजेडात आली. त्यांची लवचिक रेषा वेगळी, त्यांत उठावाचं सोनंही नाही. फळीवरची जी तंजावरी चित्रं आज हाती आहेत, ती बहुतेक अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पुढची. दुसरा वृत्तान्त आपला, मराठी : ही भोसल्यांनी निर्माण केलेली कला. व्यंकोजीराजे तंजावरला पोचले ते 1675 च्या सुमाराला, आणि दुसऱ्या शरफोजींच्या कारकिर्दीत, 1798 ते 1832 या काळात, ही शैली ऐन बहरात होती, हे खरं. पण कुंचला धरणारे हात मुख्यतः तेलुगू बोलणाऱ्या राजू समाजाचे आणि इतर चितारी घराण्यांचे होते. आश्रय देणं ही मोठी गोष्ट आहे, तेवढ्याचा अभिमान पुरेसा आहे. 1855 मध्ये इंग्रजांनी तंजावरची गादी खालसा केली तरी चित्रं थांबली नाहीत. चेट्टियार व्यापाऱ्यांनी आणि घरोघरच्या भाविकांनी ती मागवली. दरबाराचा थाट एवढाच या कलेचा आधार असता, तर ती तिथेच संपली असती.

आक्षेपकांचा एक मुद्दा मात्र मी पूर्णपणे मान्य करतो, आणि तो आजच्या बाजाराबद्दलचा आहे. साच्यातून काढलेला उठाव, सोन्याच्या नावानं चमकीचा पत्रा, कसाबसा उरकलेला चेहरा. तंजावर चित्रांना 2007-08 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण मानांकनानं गिऱ्हाइकाची नजर तयार होत नाही. आपण दुकानात वर्ख किती कॅरेटचा हे विचारतो आणि चेहरा कोणी रंगवला हे विचारत नाही. कॅरेटला भाव मिळत राहिला की चांगला हात चेहऱ्यावर वेळ कशाला घालवेल? या ठिकाणी चित्र खरोखरच दागिना होतं, आणि त्याला जबाबदार घेणारा आहे.

आणि ज्यांच्या हाती जुनी, अस्सल चित्रं आहेत त्या संग्रहालयांकडे माझी एक मागणी आहे. छताला टांगलेल्या पांढऱ्या दिव्यांखाली उठावाच्या सावल्या पुसल्या जातात आणि काचेवर छताचंच प्रतिबिंब दिसतं. जुन्या रंगांजवळ उघडी ज्योत नको, हे बरोबरच आहे. पण निदान एका दालनात वरचे दिवे मंद करून, खालच्या बाजूनं, पिवळसर, किंचित हलणारा विजेचा उजेड देता येईल. समोर सतरंजी टाकावी, म्हणजे पाहणाऱ्याला खाली बसता येईल. त्या दालनात आधी आक्षेपकांना बोलवावं, आणि मग पुन्हा वाद घालू.